भेंडीचे शेंडे

आत्ताच मंडईतून आलेय आणि पिशवी रिकामी करायच्या आधी हे लिहितेय. तिथे एक बाई शेंडा मोडून भेंडी कोवळी आहे का बघत होत्या. भाजीवाला खेकसला, "मावशी, मोडलेली कोण घेणार?" आणि मी गर्रकन वळले. मला वाटलं, आत्याच आलीय.

माझी आत्या गेल्या महिन्यात गेली. याच गाडीवर मला सोबत घेऊन यायची आणि एकेका भेंडीचा शेंडा मोडायची. हाच भाजीवाला ओरडायचा. ती म्हणायची, "जून भेंडी तू खा रे, दात तुला आहेत." मग दोघंही हसायची. नव्वदीपर्यंत ती अशीच भांडत, हसत, येईल त्याला जेवायला घालत जगली. म्हणून सगळे मला सांगतात, "सोन्यासारखं आयुष्य जगली, रडतेस कशाला?" पण दुःखात असलेलं माणूस गेलं तर सुटलं तरी म्हणता येतं. ही कशातून सुटली? तिला तर इथेच मजा येत होती.

त्या बाई गेल्यावर मी भेंडी निवडायला घेतली. मुद्दाम शेंडे मोडले, कट कट आवाज करत, आणि तो ओरडायची वाट बघत थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं, पाटी माझ्याजवळ सरकवली आणि हळूच म्हणाला, "मोडा ताई. हवी तेवढी मोडा."