मशीनमधलं चितळ

मी हट्टानं घेतलेली आयुष्यातली एकच वस्तू म्हणजे तो सॅम्पलर. बाकी सगळं, लग्नासकट, थोरल्यांनी ठरवून दिलं आणि चांगलंच निघालं. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं नवा, हलका कीबोर्ड घेतला होता आणि हा जुना जपानी सॅम्पलर त्याच्या जिन्याखाली पडून होता. तो त्याला 'डबडं' म्हणाला आणि तिथेच माझं डोकं फिरलं. ज्यानं इतकी वर्षं पोट भरलं त्याला डबडं म्हणणाऱ्याच्या घरात ते मशीन एक दिवसही राहू नये, असं मला वाटलं. घरी आणताना मोहर्लीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. मी म्हटलं, मग मलाही टपावर टाका. शेवटी मी उभा राहून आलो आणि मशीन सीटवर बसून आलं.

मी पूर्व विदर्भातल्या, झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचो. दिवाळीनंतर कंपनीसोबत निघायचं, चामोर्शीपासून पोंभुर्ण्यापर्यंत गावोगाव नाटकं करायची आणि होळीला घरी परतायचं. उरलेलं वर्ष धानाचं आणि मोहफुलांचं. गाव आमचं मोहर्लीच्या अलीकडे. घरामागे वावर, वावरामागे मोहाची झाडं, त्यापलीकडे एक नाला आणि नाल्यापलीकडे सरळ जंगल.

सॅम्पलर म्हणजे काय, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं असेल. कोणताही आवाज माइकमधून त्याला ऐकवायचा. तो आवाज त्याच्या पोटात जातो आणि मग काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवर सुरात वाजतो. शेजारच्या म्हशीचं हंबरणं मी पट्ट्यांवर वाजवून दाखवलं तेव्हा म्हशीच्या मालकिणीला हसू आवरेना. मशीनच्या खोडी दोनच. एक तर त्यात जेमतेम काही सेकंदांचा आवाज मावायचा. आणि लाइन गेली की ते सगळं विसरून जायचं. म्हणून आवाज फ्लॉपीत ठेवायचे आणि लाइन आली की पुन्हा भरायचे. एक फ्लॉपी भरेपर्यंत माझा तंबाखू-सुपारीचा अर्धा खर्रा घोटून व्हायचा. भरताना ते आतून कर्र कर्र करायचं, आणि तो आवाज मला फार आवडायचा. बायको विचारायची, घरात उंदीर पाळला का काय?

पहिल्या हंगामात मी देवळाची घंटा वाजवली, आगगाडी आणली, ढोलकीवाला तापानं पडला तर त्याची ढोलकीसुद्धा निभावून नेली. कंपनीचा मालक खूश. पुढच्या हंगामात त्यानं जंगलाचा प्रवेश असलेलं नाटक घेतलं आणि म्हणाला, यात वाघ पाहिजे. मी कुठल्याशा कॅसेटवरून डरकाळी उचलली, भोंग्यातून अशी दणकून सोडली की माझ्याच कानठळ्या बसल्या. आणि लोकांनी काय केलं? हसले. पोट धरून हसले. ज्यांच्या वावरातून वाघ जातो, त्यांना तुम्ही काय सांगता? तो कधी सांगून येत नाही. तो आलाय हे चितळ सांगतं, वानर सांगतं. चितळाची कू करून कापत जाणारी शिटी आणि झाडावरून वानराचं खक्क खक्क, हे दोन्ही एकदम ऐकू आलं की आमच्याकडचा माणूस हातातलं काम टाकतो आणि पाठ झाडाला लावतो. हे कोणी शिकवत नाही. रांगतं पोरसुद्धा आईकडे बघतं.

मग मी पेटलो. म्हटलं, खरा इशाराच पकडायचा. वावरातल्या राखणीच्या मचाणावर बांबूला माइक बांधला, टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला आणि हंगामात मध्ये नाटकं थांबली तेव्हा रोज दुपारी जाऊन बसलो. मच्छर खाल्ले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी एका दुपारी नाल्याच्या काठावर वानर खाकरलं आणि पाठोपाठ चितळ. टेप फिरत होती. खाली जवळपास वाघ फिरत होता आणि मी भीतीनं नाही, आनंदानं कापत होतो. याला अक्कल म्हणत नाहीत.

तो आवाज मी सॅम्पलरमध्ये कापला, साफ केला, पट्ट्यांवर बसवला. खालच्या पट्टीवर चितळ रेडकासारखं वाजायचं, वरच्या पट्टीवर चिमणीसारखं. मधल्या तीन-चार पट्ट्यांवर मात्र अस्सल. चामोर्शीकडच्या एका गावात पहिल्यांदा वाजवलं तेव्हा आख्खा मंडप गप्प झाला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं काठी हातात घेतली. मालकानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, पुढच्या वर्षी हा प्रवेश लांबवू, तू तयारी ठेव. मी तर हवेतच घरी आलो.

होळी झाली आणि मोह पडायला लागला. मोहाची फुलं पहाटेपासून टपटप गळतात आणि उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर चितळं आणि अस्वलं खाऊन जातात. बायको आणि शेजारच्या तीन बाया उजाडताच टोपल्या घेऊन निघायच्या. वाकून वेचायचं काम. वाकलेल्या माणसाला पुढचं दिसत नाही, मागचं तर नाहीच. त्याचा पहारा एकच, कान.

आणि त्या वर्षी लोडशेडिंग असं होतं की लाइन पहाटे यायची आणि ऊन तापायच्या आत जायची. म्हणजे माझा रियाजाचा वेळ आणि मोह वेचायचा वेळ एकच. हेडफोन होता, पण त्याचा एक कान मेला होता. आणि खरं सांगायचं तर मला भोंग्यातूनच ऐकायचं होतं. नाटकात आवाज भोंग्यातून जातो, तर तयारीही भोंग्यातूनच झाली पाहिजे, असा माझा नियम. नियम कसला, मिजास.

पहिल्या सकाळी मी मधली पट्टी दाबली आणि थोड्या वेळात चारही बाया टोपल्या टाकून धापा टाकत अंगणात. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून हसलो. त्यांनी मला अशा शिव्या दिल्या की इथे लिहिता येणार नाहीत. मग त्याही हसल्या. शेजारचे गुराखी भाऊ, ज्यांचं सारं आयुष्य जंगलात गुरं चारण्यात गेलं होतं, ते मात्र हसले नाहीत. संध्याकाळी घरी आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "गानं वाजव, बाजा वाजव. हे नोको वाजवू, बाप्पा." मी त्यांना उलट बोललो. म्हटलं, भाऊ, हे माझं काम आहे, मी काय तुमचं जंगल विकून राह्यलो का? ते चहा न घेताच उठले.

दोन-चार दिवसांत गावाला सवय झाली. चितळ ओरडलं की बाया हसायच्या, कमर सरळसुद्धा करायच्या नाहीत. माझ्या बायकोला चिडवायच्या, उठला वाटते तुझा चितळ, जा, चारा टाकून ये. सुरुवातीला ती माझ्यावर चिडली होती. दोनदा म्हणाली, की जंगलाजवळ असले खेळ बरे नाहीत. पण चिडवणं रोजचं झालं आणि तीही त्यात रमली. घरी येऊन मला सांगायची, आज तुमचा चितळ बसक्या आवाजात ओरडला, सर्दी झाली का? मला ते कौतुकच वाटायचं. मी आवाज आणखी खरा करत गेलो. वानराच्या खाकरण्यातलं अंतर कमीजास्त केलं, म्हणजे दर वेळी एकसारखं वाटू नये. कानाला फरक कळणार नाही इथपर्यंत आणून ठेवलं. मला वाटलं, ही माझी कमाल.

एका सकाळी लाइन आलीच नाही. मशीन थंड पडलेलं. मी चुलीपुढे बसून काळा चहा पीत होतो. घरात इतकी शांतता होती की बरं वाटत होतं. आणि मोहाच्या बाजूनं वानर खाकरलं. मग चितळ. मग पुन्हा वानर. मी कप हातात धरून ऐकत राहिलो आणि मनात काय आलं असेल? की वानराचा आवाज माझ्यापेक्षा जरा कोरडा आहे, तो खालचा घुमारा काढून टाकला पाहिजे.

मग माझी नजर त्या थंड मशीनवर गेली. हा मी नव्हतो. आणि हे आख्ख्या गावात फक्त मलाच ठाऊक होतं. तिकडे त्या चौघी हसत असणार.

मी तसाच अनवाणी धावलो. वावरात धानाचे खुंट होते, पाय फाटले, ते मला नंतर कळलं. ओरडायला गेलो तर छातीत हवा नव्हती. मोहाची झाडं दिसली. तिघी एका झाडाखाली होत्या. माझी बायको नाल्याकडच्या शेवटच्या झाडाखाली एकटी, जंगलाकडे पाठ करून वाकलेली. तिच्या डोक्यावरच्या फांद्यांत वानर नुसतं तडतडत होतं, नजर नाल्यात रोखून. आणि ती वेचता वेचता त्या तिघींना काहीतरी सांगत होती, मोठ्यानं, हसत. माझ्याविषयीच असणार.

माझी चाहूल लागली तशी ती सरळ झाली. आधी हसली. मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले.

"तुमी इथी?" ती म्हणाली. "त मंग तिकडं कोन ओरडून राह्यलं?"

मी तिचा हात धरला. ती हळूच नाल्याकडे वळली, पळाली नाही. पळायचं नसतं, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक. आम्ही दोघं तोंड नाल्याकडे ठेवून एक एक पाऊल मागे सरकलो. त्या तिघींनी आम्हाला येताना पाहिलं आणि न विचारता पाण्याचा डबा बडवायला सुरुवात केली. नाल्यापलीकडचं गवत थोडं हललं. चितळाचा आवाज हळूहळू नाल्याच्या अंगानं दूर गेला. वाघ आम्हाला दिसला नाही. दुपारी गुराखी भाऊ ठसे बघून आले. नाल्याच्या रेतीत तो बसून होता, चांगला वेळ, असं म्हणाले. तिच्या झाडापासून किती लांब, हे त्यांनी मला हातानं दाखवलं. आमच्या खाटेपासून आमच्या तुळशीपर्यंत. मग ते गुरांकडे निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी रडलो. बायकोसमोर रडलो, लाज वाटली नाही. ती माझ्या पायातले खुंटाचे काटे सुईनं काढत होती आणि म्हणत होती, हलू नका. सकाळी न आलेली लाइन संध्याकाळी आल्याबरोबर मी फ्लॉपी घातली आणि सगळं पुसून टाकलं. मूळ कॅसेटची फीत ओढून चुलीत टाकली. मालकाला निरोप पाठवला, की तो प्रवेश काढा किंवा दुसरा ऑर्गनवाला बघा. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. दोन दिवसांनी सकाळी पुन्हा नाल्याकडे वानर खाकरलं. मी घरात होतो, मशीन बंद. दारात येऊन बघतो तर चारही बाया उभ्या, पण पाय हलत नव्हते. नंतर कळलं, एक म्हणत होती, मास्तर असेल, म्हणजे मी. दुसरी म्हणत होती, पुसलं ना त्यानं? तिसरी आमच्या घराकडे बघत होती. आधी त्या विचार करत नसत, आवाज आला की अंग आपोआप सरळ व्हायचं. आता मध्ये मी आलो होतो. मी धावत जाऊन सांगितलं तेव्हा त्या निघाल्या. फ्लॉपी पुसायला एक बटण पुरलं होतं. यांच्या कानांना कुठलं बटण लावणार?

उपाय बायकोनंच काढला. रात्री जेवताना ती म्हणाली, "सकारी आमच्यासोबत चला. काही वेचू नका, बोलू नका. आमाले दिसन असे बसा. तुमी समोर असले त ओरडनारं खरं असन."

मी गेलो. त्या हंगामात रोज गेलो. उजाडताच चौघींच्या मागोमाग निघायचं आणि चारही झाडांखालून दिसेल अशा एका दगडावर उन्हात बसायचं. खर्रा घोटत नव्हतो, गुणगुणत नव्हतो. कुणी पाहुणा रस्त्यानं जाताना विचारायचा, हे काऊन असे बसले? बाया सांगायच्या, त्यायले काम आहे. चिडवणं कधीच बंद झालं होतं.

मोह संपत आला होता त्यातली एक सकाळ. नाल्याच्या वरच्या अंगाला चितळ ओरडलं, एकदाच, स्पष्ट. चौघींच्या माना एकदम वळल्या. जंगलाकडे नाही, माझ्याकडे. माझी बायको याच जंगलाच्या काठी जन्मली, लहानपणापासून आईच्या मागे मोह वेचला, चितळाचं एक 'कू' ऐकून तिला तो कुठल्या अंगाला आहे ते सांगता यायचं. तिनंही आधी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात वर करून रिकामे दाखवले, तेव्हा ती उठली.