सगळ्यांना सगळी परवानगी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — घरी नाही, शिक्षकांच्या खोलीतही नाही. तुम्हाला क्रमाने सांगतो. क्रम सोडून बोलणं मला जमत नाही. की क्रमाच्या आड लपणंच मला जमतं?

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. शहापूरहून एसटीने मुरबाडच्या एका शाळेत जाऊन मी संगणक शिकवत असे. सरोजबाई तिथे हंगामी शिक्षिका होत्या, वाशिंदहून येत. सहामाहीचे गुण त्यांनी पहिल्यांदाच वह्यांऐवजी संगणकावर चढवले होते. ते काम नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी त्यांना कायम करायचं, असं ठरत होतं.

आमच्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. मराठी अक्षरं उमटवणारा एक प्रोग्रॅम मासिकाच्या सीडीवर मिळाला — तयार नव्हे, मूळ कोडच्या रूपात. तो आपणच बांधून बसवायचा. मी तो उलगडला संगणकाच्या व्यवस्थापकाच्या खात्यातून — त्यातून काहीही उघडता येतं, आणि ते माझ्याच ताब्यात होतं — आणि बांधायला घेतला माझ्या साध्या खात्यातून. साहजिकच पडद्यावर एकच उत्तर — परवानगी नाही.

इथे जरा समजावतो. प्रत्येक फाइलला मालक असतो. ती कोणी वाचावी, कोणी बदलावी, हे ठरलेलं असतं. अडलेली फाइल शोधावी, तिचा मालक पाहावा, तेवढंच दुरुस्त करावं. हे मी वर्गात शिकवत होतो. मग मी काय केलं? कंटाळलो — आणि ज्या मोठ्या सामाईक फोल्डरमध्ये या प्रोग्रॅमसोबत सगळ्यांची कामं होती, बाईंचे गुणही होते, त्याची सगळी परवानगी सगळ्यांना देऊन टाकली. प्रोग्रॅम बसला. मी डबा खायला गेलो.

दुपारच्या तासाला मुलांना फाइल पुसण्याची आज्ञा शिकवली. कोणीतरी ती बाईंच्या फोल्डरवर चालवून पाहिली असावी. संध्याकाळी गुण नव्हते. दुसरी प्रत नव्हती, आणि निकाल सकाळी वाटायचा होता.

"काय बाई, कॉम्प्युटरनं गिळले का गुण?" मुख्याध्यापक म्हणाले. "आमच्या वह्यांना कधी भूक लागली नाय."

कोणी हसलं. बाई माझ्याकडे वळल्या. "सर, मी नाय पुसलं. तुमी बघा ना एकदा."

मी पाहायला बसलो. फोल्डर सताड उघडा होता. तो कोणी उघडला, हे त्या खोलीत मला एकट्याला कळत होतं — आणि तिथेच मी जे केलं, ते सांगायला इतका वेळ घेतला. मी परवानग्या पूर्ववत केल्या. सगळ्यांच्या देखत, कोणाला त्यातलं काय कळणार होतं? मग पडदा मुख्याध्यापकांकडे वळवून नेहमीच्या शिकवण्याच्या आवाजात म्हणालो, "हे पाहा. हा फोल्डर बाईंच्या खात्याशिवाय उघडत नाही." व्यवस्थापकाच्या खात्यातून, म्हणजे माझ्या हातून, तो उघडतो — एवढं गाळलं.

माझी चूक मी दुरुस्त केली, म्हणूनच ती त्यांची ठरली.

त्या भांडल्या असत्या तर? भांडल्या नाहीत. पडद्याकडे बघत राहिल्या. "सरांनी बघितलंय म्हणजे तसंच असेल," म्हणाल्या. "माझ्याच हातून गेलं असेल."

पुढच्या वर्षी त्या शाळेत नव्हत्या. मी होतो, पुढेही राहिलो, परवानग्यांचा धडा दरवर्षी शिकवत राहिलो. मुलं म्हणत, सर फार नीट समजावतात.

बऱ्याच वर्षांनी आटगाव स्टेशनवर त्या भेटल्या. एका कारखान्यात माल भरण्याच्या कामाला होत्या. ऑफिसात टायपिंगची जागा आली होती, म्हणाल्या, पण घेतली नाही.

"का?"

"नको सर. माझ्या हाताचा भरवसा नाय. तुमी तर बघितलंय."

मी मान हलवली. होकारार्थी.