काशिनाथअप्पांची बंद मूठ

काशिनाथअप्पा डाव्या हाताची मूठ उघडायला तयार नव्हते, तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. उजवा हात लुळा पडला होता. वाचा गेली होती. मुठीत गळ्यातल्या दोरीला बांधलेली चांदीची डबी होती आणि डबीत त्यांचं इष्टलिंग, लिंगायत अंगावर बाळगतात ते छोटं शिवलिंग. ती डबी निघाल्याशिवाय मी त्यांना एमआरआयच्या खोलीत घेऊ शकत नव्हते.

मी परभणीत एमआरआय टेक्निशियन आहे. चौदा वर्षं झाली.

अप्पांचं जिंतूरला बी-बियाण्यांचं दुकान. रात्री दहाला नेहमीसारखे झोपले. सकाळी सहाला बायको, शांताबाई, चहाला उठवायला गेल्या तर तोंड वाकडं झालेलं. मुलगा महेश तडक गाडीत घालून घेऊन आला. आधी सीटी स्कॅन झाला आणि रिपोर्ट नॉर्मल आला. महेशला वाटलं, म्हणजे लकवा नाही. पुष्कळ लोकांना असंच वाटतं. पहिल्या काही तासांत सीटी एवढंच नक्की सांगतो की मेंदूत रक्तस्राव झालेला नाही. गुठळी अडकून रक्त थांबलं असेल, तर तेव्हा तो बहुतेक वेळा गप्पच असतो.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते झटका आल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. उशीर झाला तर फायदा कमी आणि रक्तस्रावाची भीती जास्त. आणि अप्पांना झटका कधी आला, हेच कुणाला माहीत नव्हतं. दहाला आला असेल तर वेळ गेली. साडेपाचला आला असेल तर आहे. डॉक्टर म्हणाले, आता एमआरआयलाच विचारू.

एमआरआय म्हणजे मोठा चुंबक. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो. एकदा त्याने आमच्या वॉर्डबॉयच्या खिशातली किल्ली ओढून घेतली होती. म्हणून आत जाताना अंगावर धातूचं काही नको, हा नियम. मी तो अप्पांना दोनदा सांगितला. त्यांनी दोन्ही वेळा मूठ आणखी घट्ट केली.

महेशने बोटं सोडवून पाहिली. अप्पांनी चालू असलेल्या एकुलत्या एका हाताने त्याला ढकलून दिलं.

"मॅडम, टाइम जायलाय," महेश म्हणाला. "कापा दोरी."

मी कात्री घेतली, हे कबूल करते. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आवडली नाही. मी कात्री ट्रेमध्ये परत ठेवली. आता काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

शांताबाई तोवर दाराजवळ चपला हातात धरून उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्या पुढे आल्या.

"ताई, त्यायला बोलता येत न्हाई, पर समदं कळायलंय. दीक्षा झाल्यापासून लिंग अंगावेगळं केलं न्हाई त्यायनी. तुमी मला इतकंच सांगा, तुमाला डबी चालत न्हाई का लिंग चालत न्हाई?"

चौदा वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी खरं तेच सांगितलं. डबी नाहीच चालणार. लिंगाचं मला माहीत नाही, तपासावं लागेल.

शांताबाई अप्पांच्या कानाशी वाकून हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मूठ उघडली.

तपासायला आमच्याकडे हातात धरायचा छोटा चुंबक असतो. अप्पांनी स्वतःच्या अंगठ्याने डबी उघडली आणि लिंग तळहातावर घेतलं. मी हात न लावता चुंबक जवळ नेला. लिंग हललं नाही. डबीच्या बिजागरीची खीळ मात्र टक्‌ करून चिकटली. रेडिओलॉजिस्टना फोनवर विचारलं. ते म्हणाले, चिकटत नसेल आणि डोक्यापासून लांब राहणार असेल तर घ्या, आणि फॉर्मवर लिहून ठेवा. मी कोऱ्या गॉजची पट्टी दिली. शांताबाईंनी तीत लिंग गुंडाळून अप्पांच्या डाव्या मनगटावर बांधलं. सगळं मिळून चार मिनिटं गेली. दोरीवरून वाद घालण्यात त्याआधी सहा गेली होती.

आत अप्पा इतके स्थिर पडून राहिले की एकही फोटो हलला नाही.

आम्ही दोन प्रकारचे फोटो काढतो. एकाला डिफ्यूजन म्हणतात. रक्त न पोचलेला भाग त्यात थोड्याच वेळात पांढरा दिसायला लागतो. दुसरा फ्लेअर. त्यात तोच भाग पांढरा व्हायला काही तास लागतात. दोन्हींत पांढरा दिसला, तर बहुधा उशीर झालेला असतो. अप्पांच्या डिफ्यूजनमध्ये डाव्या बाजूला सुपारीएवढा पांढरा डाग होता. फ्लेअरमध्ये तिथे काहीच नव्हतं. म्हणजे झटका पहाटेचा असावा.

डॉक्टरांनी रक्तस्रावाचा धोका दोघांना समजावून सांगितला. महेश आईकडे बघायला लागला. शांताबाईंनी सही केली. नऊ वाजून पाच मिनिटांनी इंजेक्शन सुरू झालं.

सगळ्यांनाच त्याचा गुण येतो असं नाही. अप्पांना आला. संध्याकाळी उजवा पाय उचलला. तिसऱ्या दिवशी पहिला स्पष्ट शब्द आला. तो महेशला उद्देशून होता आणि इथे लिहिण्यासारखा नाही. उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत. दुकानाच्या पावत्यांवर ते डाव्या हाताने सही करतात.

आमच्या फॉर्मवर अंगावरच्या वस्तूंबद्दल एकच प्रश्न होता, धातूचं काही आहे का. मी त्याखाली पेनाने दुसरा लिहिला, काढायला नको वाटेल असं काही आहे का. पुढच्या छपाईत तो छापून आला. त्याचं उत्तर बहुतेक वेळा पेशंट देत नाही, सोबतची बाई देते. म्हणून आता मी आधी तिलाच विचारते.