वजनकाट्यावरची खुर्ची

खुर्ची दिसली की काका आधी तिच्या पाठीवर थाप मारायचे. मग वाकून तिचे पाय चाचपायचे, बाजारात बैल बघावा तसे, आणि दुकानदाराला गंभीरपणे विचारायचे, "खोड काय हिची?"

महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्याच्या वजनकाट्यावर ते कारकून होते. ट्रकचं वजन संगणकात भरायचं, पावती द्यायची. माणूस इतका बुटका, की ड्रायव्हरांना खिडकीत नुसतं कपाळ दिसायचं. मी शेजारीच गेटवर रखवालदार, म्हणजे नाटकाला पहिल्या रांगेत.

आता त्यांचं टेबल बघा. पुरात संगणक बुडाला, तेव्हा भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवून त्यांनीच गवंड्याला सांगितलं होतं, "टेबलाचा कडप्पा हिच्या वर बसव." तो बसला थेट त्यांच्या छातीला. साध्या खुर्चीत हनुवटी टेबलावर. खुर्ची उंच केली की पाय अधांतरी. पायांना मुंग्या, कंबरेत कळा.

डॉक्टर म्हणाले, पाय टेकत नसतील तर बसायचं काम सोडा. काम सोडायचं म्हणजे पोलादपूरकडचं घर बंद करून मुंबईला मुलाकडे. बायको गेल्यापासून मुलगा बोलावतच होता.

"तिथं कोण वळखतो रे मला? इथं ड्रायव्हर शिव्या तरी नावानं देतात."

मग खुर्चीसाठी महाडातली दुकानं आम्ही पालथी घातली. शेवटच्या दुकानात पाय ठेवायला कडं असलेली उंच खुर्ची सापडली. ते चढून बसले, पाय टेकले, आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली. "गो बाय, कुठं होतीस?" दुकानदार हसून हसून खाली बसला.

केबिनमध्ये मात्र कडप्पा आणि मागची भिंत यांच्यामध्ये ती शिरेचना; पायाचं कडंच आडवं यायचं. तिरकी घातली, उलटी घातली. शेवटी ते खुर्चीला धरून तसेच उभे राहिले.

"काका, कडप्पा खाली घेऊ. साहेब नाय म्हणणार नाहीत."

"आणि पाणी आलं तर?"

"तुम्हीच नसलात तर टेबल कुणासाठी?"

"तू तेव्हा नव्हतास. संगणक उचलला तर आतून चिखल गळत होता." त्यांनी कडप्प्यावरून हात फिरवला. "हा नाय हलवायचा."

काही दिवस उभ्यानं काम केलं. मग तेही होईना.

मुंबईच्या एसटीत त्यांना मीच चढवलं. गाडी अर्धी रिकामी. कंडक्टर म्हणाला, "बसा की बाबा, जागा हाय."

"नको. पाय टेकत नाय. उभाच बरा."

गाडी वळली. खिडक्यांत बसलेल्यांची डोकी दिसत होती, आणि त्यांच्यामध्ये, उभं असूनही जेमतेम वीतभर वर आलेलं, एक पांढरं डोकं.