लोसाचं गोड पत्र

सामोआ बेटांवरच्या आपिया शहराजवळ, समुद्रकाठच्या हॉटेलात लोसा अकरा वर्षं स्वागताच्या टेबलावर होती. ऑस्ट्रेलियाहून आलेला मॅनेजर डेरेक, रविवारी कामाला बोलवायचं असलं की हमखास म्हणायचा, "आपण सगळे एकच कुटुंब!" लोसाचं चर्चही चुकायचं आणि घरचं जेवणही.

शेवटी तिला शाळेच्या ऑफिसात नोकरी मिळाली. मीही त्याच हॉटेलात कामाला होते. मी म्हटलं, "जाताना चांगली खरडपट्टी काढ त्याची."

"वेडी की काय तू? माझी भाची अजून इथंच स्वयंपाकघरात आहे."

तिनं राजीनाम्यात लिहिलं, 'आपल्यासारखे साहेब मला पुन्हा भेटणार नाहीत, असा विश्वास वाटतो. इथला एकही रविवार मी विसरणार नाही. आपल्या हाताखाली राहिल्यावर आता कुठलीच नोकरी अवघड जाणार नाही.'

डेरेकला भरून आलं. निरोपाच्या जेवणात त्यानं ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. स्वयंपाकी खोकत बाहेर पळाला. लोसा मात्र गंभीरपणे मान डोलवत बसली.

त्यानंतर आणखी दोघांनी नोकरी सोडली आणि तेच पत्र शब्दन् शब्द उतरवून दिलं. डेरेक आता पाहुण्यांना सांगतो, "सामोआची माणसं फार कृतज्ञ हो!"