सासूबाईंसाठी बिनआवाजाचा कम्प्युटर

आमच्या मुलुंडच्या घरात हॉल एक आणि त्याचे मुक्कामी दोन. एक म्हणजे माझ्या सासूबाई, ज्या तिथल्या दिवाणावर झोपायच्या. दुसरा, टीव्हीला जोडलेला जुना कम्प्युटर, जो कधी झोपायचाच नाही. ऑफिसने भंगारात काढलेला तो डबा नवऱ्याने मोठ्या कौतुकाने घरी आणला होता. त्यात सिनेमे, नाटकं भरली होती आणि त्या सगळ्या प्रकाराला तो 'होम थिएटर' म्हणायचा. मी त्याला दुसरं नाव ठेवलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत तीन पंखे होते आणि तिघांचं आपसात अजिबात पटत नव्हतं.

सासूबाई आमच्याकडे आल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. त्याआधी त्यांचा सगळा संसार भांडुपच्या चाळीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत झाला. चाळ पाडून तिथे टॉवर होणार असं ठरलं, तेव्हा 'बिल्डिंग होईपर्यंत' म्हणून त्या दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन आमच्याकडे आल्या. बिल्डिंगचा अजून खड्डाच आहे. ट्रंका दिवाणाखाली गेल्या त्या गेल्या, एकदाही उघडल्या नाहीत. रोजच्या चार साड्या बाहेर, बाकी सगळं बंद. चाळीतल्या खोलीत त्यांनी टीव्ही, मिक्सर, रेडिओ, झाडून सगळ्यांना क्रोशाची कव्हरं विणून घातली होती. आमच्याकडे आल्यावर सुई हातात धरली नाही. मला ती कव्हरं अजिबात आवडत नाहीत, त्यामुळे मी मनातल्या मनात देवाचे आभारच मानले होते.

शनिवार-रविवारी दुपारी आम्ही दोघी दशावतारी नाटकं बघायचो. त्यांचा गावाकडचा एक पुतण्या देवळासमोर रात्रभर चालणारे प्रयोग मोबाइलवर चित्रित करून पाठवायचा. आवाज यथातथाच, त्यात आमच्या डब्याची घरघर, त्यामुळे निम्मे संवाद कळायचे नाहीत. पण सासूबाईंना कळायची गरजच नव्हती. स्टेजवर राक्षस आला की त्या सांगायच्या, "हो माझ्या मावशेचो जावई. तेका ह्यापेक्षा बरा सोंग गावला नसता." मग मावशीच्या जावयाची सगळी कुंडली निघायची. तोवर इकडे देवाने राक्षस मारून टाकलेला असायचा. मला नाटकापेक्षा ही कुंडली जास्त आवडायची. खरं सांगायचं तर मला सासूबाईच आवडायच्या, पण असं सासूला तोंडावर सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.

गणपती जवळ आले होते. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर दार नुसतं ओढलेलं. आत सासूबाई फोनवर माझ्या नणंदेशी बोलत होत्या. नणंद जोगेश्वरीला असते.

"नाय गो, हय माका झोपच लागणा नाय," त्या म्हणत होत्या. "गणपती झाले की येतंय तुझ्याकडे. पंधरा दिवस र्‍हवान बघतंय, मगे कायमचीच. सामान काय, बांधलेलाच आसा."

मी चपला तशाच पायात ठेवून दारात उभी राहिले. मग मुद्दाम किल्ल्या वाजवत आत गेले. त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "चाय टाकू?" मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "तुम्ही बसा आई, मी करते."

चहा करताना मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. राग कोणावर काढायचा? समोर तो डबा घरघरत बसला होताच. झोप लागत नाही म्हणजे ह्याच्यामुळेच, दुसरं काय? रात्री बंद करायचा म्हटलं तर नवऱ्याचं काहीतरी डाउनलोड चालू असायचं. मी त्याला म्हटलं, "आई चालल्या जोगेश्वरीला. तुझ्या ह्या डब्यापायी." तो म्हणाला, "अगं, मग नवीन टीव्ही घे ना यार, सगळं त्यातच असतं." पण त्याला पुतण्याच्या चित्रफिती कुठे भरणार ते सांगता येईना. मग मीच ठरवलं. आवाज न करणारा कम्प्युटर मी स्वतः बनवणार, आणि सासूबाई ट्रंका न्यायला परत येतील त्याच्या आत तो दिवाणासमोर शांत बसलेला असणार.

गणपती झाले, ट्रंका मागे ठेवून सासूबाई जोगेश्वरीला गेल्या आणि मी कामाला लागले. चार रात्री व्हिडिओ बघून माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की कम्प्युटरमध्ये जे फिरतं ते बोलतं. म्हणजे फिरणारं काही ठेवायचंच नाही. हार्ड डिस्क फिरते, ती नको. तिच्या जागी एसएसडी, जी नुसती चिप असते. वीजपुरवठ्याच्या डब्याला पंखा असतो, तोही नको. त्याऐवजी लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर. ग्राफिक्स कार्ड तर नकोच, आमच्या राक्षसांना त्याची काय गरज? राहिला प्रोसेसर. तो जितका कमी वीज खाणार तितका कमी तापणार, म्हणून कमी खाणारा बघायचा.

घाटकोपरला स्टेशनजवळच्या गल्लीत कम्प्युटरचं एक दुकान आहे. दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक काचेचा कॅबिनेट पुढे सरकवला. आत लाल-हिरवे-निळे दिवे पळत होते.

"मॅडम, हे घ्या ना. एकदम झकास. सासूबाई खूश होतील, रोज दिवाळी."

"मला दिवाळी नकोय. मला शांतता हवीये."

"यात पण शांतच आहे ना. फॅन लावून दाखवतो, ऐका."

त्याने पंखा चालू केला आणि मी कान लावला. बाहेर रिक्षा, समोर वडापावच्या गाडीवर कढईत झारा आपटतोय, शेजारच्या मोबाइलवाल्याचा स्पीकर. ह्या गल्लीत विमान उतरलं असतं तरी ऐकू आलं नसतं. मी म्हटलं, "कुठे शांत जागा आहे का?" तो हसायलाच लागला. "घाटकोपरमध्ये?" पण माणूस चांगला होता. त्याने मला शिडीवरून पोटमाळ्यावर चढवलं आणि खालून एकेक पंखा जोडून वर द्यायला लागला. खोक्यांच्या मध्ये वाकून बसून मी चार पंखे ऐकले. चौथा जवळजवळ ऐकू येत नव्हता, पण तो चालू करायचाच राहिला होता असं नंतर कळलं. मी तशीच खाली उतरले आणि म्हटलं, "पंखाच नको."

"बिना फॅनचं पण येतं," तो जरा नाराजीने म्हणाला. आतून त्याने एक काळा जाड ॲल्युमिनियमचा कॅबिनेट काढला. वर आणि बाजूंना उभ्या धारदार पट्ट्या होत्या. आतली उष्णता पट्ट्यांमध्ये येते आणि हवेत निघून जाते, असं त्याने समजावलं. "फक्त एक आहे मॅडम. याला मोकळं ठेवायचं. हवा लागली पाहिजे. नाहीतर तापून स्वतःच बंद होणार." मी मान डोलावली. मोकळं ठेवायला आमच्या टीव्हीखालचा खण आहे की. समोरून उघडा, वर भरपूर जागा.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी हॉलमध्ये चटई टाकून जोडणीला बसले. सोबतीला स्क्रूंच्या पुड्या, तारा आणि मोबाइलवर एक पोरगा इंग्रजीतून सांगतोय. नवरा 'मला भीती वाटते' म्हणून कांजूरमार्गला मित्राकडे गेला होता. प्रोसेसरवर पांढरी पेस्ट लावून वर ॲल्युमिनियमचा ठोकळा अलगद टेकवायचा, आणि मग चार कोपऱ्यांचे स्क्रू पिळायचे, असा नाजूक प्रसंग आला होता. दोन्ही हात गुंतलेले. नेमकी तेव्हा बेल वाजली. दार उघडंच होतं. सासूबाई दोन दिवस आधीच आल्या होत्या, ट्रंका न्यायला.

एरवी मी उठले असते, पिशवी घेतली असती, 'बसा, पाणी आणते' म्हटलं असतं. त्या दिवशी मी वर मान करूनसुद्धा बघितलं नाही. ओरडलेच, "आई, लवकर या! हे धरा! हलवू नका!"

त्यांनी पिशवी दारातच टाकली, चटईवर बसल्या आणि ठोकळा धरला. मी स्क्रू पिळले. बाजूने बाहेर आलेली पेस्ट बघून त्या म्हणाल्या, "इतक्या कित्याक लावलंस? भाकरेक तूप लावतंस काय?" मग त्यांनी सगळे स्क्रू गोळा करून स्टीलच्या वाटीत ठेवले आणि मी मागेन तसा एकेक देत गेल्या. एकदा म्हणाल्या, "हो नाय, तो बारको." आणि तोच बरोबर होता. आम्ही दोन तास बसलो. शेवटी बटण दाबलं, टीव्हीवर चित्र आलं आणि घरात काहीही आवाज झाला नाही.

"चालू आसा?" सासूबाईंनी कान लावून विचारलं.

"चालू आहे."

"काय बोलणा नाय तो."

मी मनातल्या मनात नाचले. ट्रंकांचा विषय त्या दिवशी त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण जोगेश्वरीचे फोन येत होते आणि त्या 'बघूया, बघूया' म्हणत होत्या, म्हणून माझा जीव टांगणीलाच होता.

आणि आठवड्याभरात कम्प्युटरची वाट लागली. संध्याकाळी आम्ही बघत असू तेव्हा व्यवस्थित, पण दुपारी सासूबाई एकट्या नाटक बघायच्या तेव्हा आपोआप बंद. "आज परत मेलो तुझो कम्प्युटर," मी घरी आले की त्या सांगायच्या. आधी नाटक संपता संपता मरायचा. मग मध्यावर. मग तर सुरुवातीच्या गणपतीच्या आरतीलाच. ऑक्टोबरचा उकाडा होता खरा, पण तो काय फक्त दुपारी सासूबाईंसमोरच? मी सगळं उघडून पेस्ट पुसून परत लावली. अडॅप्टर बदलून आणला. शेवटी अख्खा डबा उचलून घाटकोपरला नेला आणि दुकानदाराशी कडाकडा भांडले. त्याने दिवसभर त्यावर आमचीच नाटकं लावून ठेवली. संध्याकाळी म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे एकदम कूल आहे. राक्षस तीनदा मेला, हा एकदा पण नाही मेला. तुमच्या घरातच काहीतरी आहे."

घरात काय असणार? म्हणून मी एक दिवस अर्धी रजा टाकून दुपारी अचानक घरी आले.

टीव्हीवर नाटक चालू होतं. सासूबाई कम्प्युटरसमोर चटईवर मांडी घालून बसल्या होत्या, डोळ्यांवर चष्मा, हातात क्रोशाची सुई. कम्प्युटर दिसतच नव्हता. त्याच्या जागी एक पांढरं, गच्च विणीचं कव्हर होतं, कडेला गुलाबी फुलं, बटणासाठी गोल खिडकी. वरचा भाग आणि तीन बाजू झाल्या होत्या. चौथी बाजू चालू होती आणि तिचा दोरा थेट सासूबाईंच्या मांडीवरच्या गुंड्यापर्यंत आला होता. रोज थोडं थोडं विणून त्यावरच घालून मापाला बघत होत्या, आणि मी यायच्या आधी काढून लपवत होत्या. दिवाळीला मला दाखवायचं होतं, असं नंतर म्हणाल्या.

त्यांच्या मागे दिवाणाखालून ओढलेली एक ट्रंक उघडी होती. दोऱ्याची बंडलं, सुया आणि चाळीतल्या रेडिओचं जुनं कव्हर, सगळं बाहेर काढून पसरलेलं.

मी त्या उघड्या ट्रंकेकडेच बघत राहिले. आता ह्या बाईला 'हे काढा' कसं सांगायचं? मी म्हटलं, "आई, किती छान झालंय." आणि तेवढ्यात टीव्ही काळा झाला.

"बघ, परत मेलो!"

सांगावंच लागलं. मी त्यांचा हात धरून कव्हराखाली पट्ट्यांवर ठेवला. त्यांनी चटका बसून हात मागे घेतला. कव्हराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला. "माज्याच हातान मारलंय गो तेका! आणि तू त्या गरीब दुकानदाराक गाळी घालतंस!"

हसणं थांबल्यावर मी विचारून टाकलं. "आई, तुम्हाला झोप लागावी म्हणून बनवला हा. त्या जुन्या डब्याच्या आवाजाने तुम्ही जायला निघाला होतात ना?"

"आवाजान?" त्या म्हणाल्या. "तीस वर्षां मी पिठाच्या गिरणीवर झोपलंय. गिरण बंद रवली तर माका जाग येय."

हे मला माहीत होतं. लग्नानंतर चार महिने मी त्याच खोलीत राहिले होते. चहाच्या कपात पीठ बसायचं.

"मग?"

त्या दोरा गुंडाळत राहिल्या. "दोन वर्षां तू माका बसा, बसा म्हणतंस. चाय करूक देणस नाय, भाजी निवडूक देणस नाय. दिवसभर बसलेल्या माणसाक झोप खंय लागतली?" मग म्हणाल्या, "त्या दिवशी हे धरा म्हणान वराडलंस, तेवा बरा वाटला."

मी उठले, स्वयंपाकघराकडे निघाले आणि वाटेत थांबून म्हटलं, "आई, चहा टाका ना. मी दमलेय."

"टाकतंय," म्हणून त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

कव्हर वाया गेलं नाही. थोडं वाढवून ते मायक्रोवेव्हला बसलं. मग मिक्सरला दुसरं झालं, फ्रिजच्या हँडलला तिसरं. नवऱ्याच्या इस्त्रीलासुद्धा झालं आहे. घरात आता उघडा असा फक्त कम्प्युटरच आहे. मला ती कव्हरं अजूनही आवडत नाहीत.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ऑफिसात सासूबाईंचा फोन आला. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. औषधंसुद्धा मी विचारल्याशिवाय सांगायच्या नाहीत.

"गो, दोरो संपलो. येताना घेवन ये. गुलाबी. आणि चांगलो बघून घे, गेल्या वेळेक भाजी घेताना घाई केलंस, तशी करू नको."

मी हो म्हटलं आणि अर्धा तास लवकर निघाले.