चौकशीबाईंची अक्कलदाढ

बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे चौकशीबाईच म्हणत. हे नाव नोकरीमुळे पडलं की स्वभावामुळे, यावर स्थानकात दोन तट पडले होते. गाडी कधी सुटणार एवढं विचारायला आलेला माणूस कुठे चाललाय, कोणाकडे आणि असा अचानक का, हे सगळं सांगूनच खिडकीवरून सुटायचा. मागे रांग वाढायची, कंडक्टर वैतागायचे. पण गाडी कुठल्या फलाटाला लागेल हे माइकवर सांगायला त्यांच्यासारखं स्वच्छ तोंड दुसऱ्या कोणाचं नव्हतं, त्यामुळे सगळे निमूट सोसत.

अशी बाई दाताच्या डॉक्टरकडे जाते, तेव्हा परीक्षा डॉक्टरचीच असते. एक दाढ किडली होती, ती भरून घ्यायची, काम एवढंच. डॉक्टरीणबाईंनी जबड्याचा एक्स-रे काढला आणि किडकी दाढ सोडून भलतीकडेच बघत बसल्या. बाईंनीही मान लांब करून पडद्यावर पाहिलं. खालच्या जबड्याच्या उजव्या टोकाला एक काळा गोल डाग होता आणि त्यात एक अख्खी दाढ आडवी पडली होती.

“ही कोणाची?” बाईंनी विचारलं.

“तुमचीच. अक्कलदाढ.”

बाईंना आनंदच झाला. तुला अक्कलदाढ आलीच नाही म्हणून नवरा लग्न झाल्यापासून चिडवत होता. दाढ होती की! फक्त हाडात आडवी झोपली होती. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. डॉक्टरीणबाई सोशिक निघाल्या. त्यांनी सांगितलं की उगवण्याआधी दाताच्या डोक्याभोवती एक पातळ आवरण असतं. दात वर आला की त्याचं काम संपतं. दात आतच अडकला, तर कधीकधी दात आणि आवरण यांच्यामध्ये पाणी साचतं, त्याची पिशवी होते आणि ती वर्षानुवर्षं हळूहळू फुगत जाते. मग दुखलं कसं नाही? कारण हाड गपचूप मागे सरून तिला जागा करून देतं. काळी का दिसते? फोटोत हाड पांढरं उमटतं, जिथे हाड उरलं नाही तिथे काळं. बाईंनी जबडा आतून-बाहेरून चाचपून पाहिला. काही म्हणजे काही लागलं नाही हाताला, आणि त्यांना त्याचंच मोठं नवल वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी जागा बधिर करून आत सुई घातली. पिवळसर, पातळ पाणी आलं. हे बरं लक्षण, त्या म्हणाल्या. दह्यासारखं घट्ट काही आलं असतं, तर काढली तरी पुन्हा होणारी पिशवी असण्याचा संशय होता. पण नुसत्या पाण्यावर आणि फोटोवर शिक्कामोर्तब करता येत नाही, कारण एक्स-रेत असेच दिसणारे आणखीही काही प्रकार असतात. पिशवी काढायची, तिचं आवरण तपासायला पाठवायचं, मग काय ते कळेल. शिवाय ओठाकडे जाणारी नस अगदी खेटून होती, तेव्हा ओठ आणि हनुवटी काही महिने बधिर राहू शकतील. बाईंनी नस कुठून येते तेही विचारून घेतलं. ‘आणखी काही प्रकार’ म्हणजे कोणते, एवढंच विचारलं नाही. तो प्रश्न ओठांपर्यंत आला आणि परत गेला.

बाहेर येऊन त्यांनी बोबड्या तोंडाने घरी फोन केला. “पिशवी काढायला सांगितलीय,” एवढंच त्या बोलल्या. फोन सासूबाईंनी घेतला होता. आता, चाळिशीच्या बाईने पिशवी काढायची म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच पिशवी येते, आणि ती काही जबड्यात नसते. बाई घरी पोचल्या तर थोरली जाऊ हजर. तिची काढून झालेली असल्यामुळे ती अधिकारवाणीने बोलत होती. तिने बाईंना बसवलं, पाठीशी उशी दिली, जड उचलायचं नाही म्हणून बजावलं, आणि आता मुलं झालीत ना, मग कशाला जीव अडकवायचा त्यात, असंही समजावलं.

“अहो जाऊबाई, दाढेची पिशवी,” बाई शेवटी म्हणाल्या.

“तरीच,” सासूबाई म्हणाल्या, “म्हटलं, दाताच्या डॉक्टरला कसं जमणार ते.”

घर हसून हसून लोळलं. नवरा तेवढा हसला नाही. त्याच्या दुकानात दुरुस्तीला आलेलं एक घड्याळ उघडून तो उगाच त्यात बघत राहिला. इतकी वर्षं अक्कलदाढेवरून पिडणारा माणूस, आणि आयता विषय चालून आलेला असताना मूग गिळून बसलेला. बाईंच्या लक्षात आलं, आपण गिळला तोच प्रश्न यानेही गिळलाय. त्या रात्रभर तळमळल्या, पण विषय दोघांनीही काढला नाही.

ऑपरेशन नीट झालं. दाढ आणि पिशवी दोन्ही निघाल्या, ओठ आणि हनुवटीची उजवी बाजू मात्र बधिर राहिली. तपासणीचा निकाल आला त्या दिवशी नवरा दुकान बंद ठेवून बरोबर आला. डॉक्टरीणबाई कागद उघडत होत्या, आणि इकडे बाई विचारत होत्या, आवरण कापतात कशाने, रंग कुठला लावतात, किती पातळ चकती करतात. भीती वाटली की त्यांना असंच होई, प्रश्न थांबतच नसत.

“डॉक्टर,” नवरा मध्येच म्हणाला, “गाठ आहे का ती?”

हा शब्द इतक्या दिवसांत घरात कोणी उच्चारला नव्हता.

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “साधी पाण्याची पिशवी होती. वाईट काही नाही.”

बाईंना रडू फुटलं. त्यांनी पदराने डोळे पुसले, गाल पुसले आणि सावरून बसल्या. हनुवटीवरून पाणी टपकतच होतं, तिथलं त्यांना कळत नव्हतं. नवऱ्याने हात पुढे करून ते पुसलं.

“हं, आता विचार तुला काय विचारायचंय ते,” तो म्हणाला.

“काही नाही,” बाई म्हणाल्या.